होखेबाइन्टमला राहायला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस काही लिहवेना. यजमानांना उत्तर नेदरलँड्समधल्या लेवार्डन शहरात नोकरी, मुलगी नऊ वर्षांची, आणि होखेबाइन्टममध्ये परवडणारं घर मिळतंय. शंभराच्या आत वस्ती असलेल्या गावात निभेल का, असं तुम्ही विचारलंत. आम्ही तिथल्या शेजारच्याच गावात अकरा वर्षं राहतोय. व्हिसा, विमा वगैरे सरकारी संकेतस्थळावर मिळेल, ते सोडते.

आधी गाव समजून घ्या. या सपाट प्रदेशात ते टेकाडावर आहे, आणि ते टेकाड माणसांनी रचलंय. समुद्राला बांध नव्हते तेव्हा भरतीचं पाणी थेट घरात शिरायचं. म्हणून चिखल, शेण, राख, केर थरावर थर टाकत शेकडो वर्षं लोकांनी आपल्या पायाखालची जमीन वर उचलली. त्याला टेर्प म्हणतात. हा टेर्प समुद्रसपाटीपासून सुमारे 8.8 मीटर, अख्ख्या नेदरलँड्समध्ये सगळ्यात उंच. आपल्या गावठाणाची पांढरी असते ना, तशीच ही माती. पुढे बांध आले, टेकाडाची गरज सरली, आणि 19व्या शतकात कुणाच्या तरी लक्षात आलं की हे उत्तम खत आहे. मग होड्या भरभरून ती विकली गेली. चर्च आणि कबरी तेवढ्या राखल्या, बाकी बराच भाग कापून नेला. चर्चच्या कडेला उभं राहिलात की जमीन एकदम खाली तुटलेली दिसते. पहिल्यांदा तिथे उभी होते तेव्हा मला रडू आलं. कारण सांगते, जरा थांबा.

मुलीच्या शाळेचं मात्र नीट ऐका. वर्गात डच, मैदानावर फ्रिजियन, म्हणजे या प्रांताची स्वतःची भाषा. 1951 मध्ये लेवार्डनच्या न्यायालयासमोर याच भाषेच्या हक्कावरून पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. 1980 पासून ती इथल्या प्राथमिक शाळांत सक्तीची आहे. माझी मुलगीही नऊ वर्षांची होती. सहा महिन्यांत मला ‘मेम’ म्हणायला लागली, म्हणजे आई. डच वाचन मात्र मागे राहिलं. बाराव्या वर्षी शाळा पुढची शाखा सुचवते. गणितात वर्गात पहिली असलेल्या पोरीला त्यांनी व्यावसायिक शाखा लिहून दिली. मी त्या बैठकीत नुसती मान हलवली. पुढे ती वरच्या शाखेत गेली, पण एक वर्ष जास्त लागलं. ते वर्ष मी अजून विसरलेली नाही. तुम्ही गप्प बसू नका. लेखी मागा, पुन्हा बैठक मागा.

आणि जन्मदाखल्यावर नाव कसं आहे ते निघण्याआधी बघा. आमच्या मुलीचं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, इथे तिचंच दुसरं नाव म्हणून नोंदलं गेलं. दवाखान्यातून पत्र आलं की त्यावर बापाचं नाव तिच्या नावाला चिकटलेलं. दुरुस्तीसाठी तीनदा कागद पाठवले, तीनदा परत आले.

एकटेपणा? असतो. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, लोक भले आहेत, हाक मारली तर येतात. याहून जास्त त्यावर लिहीत नाही.

आता ते रडण्याचं कारण. आम्ही आलो त्याच वर्षी बाबा गेले. भावाचा फोन आला, शेताला गिऱ्हाईक आहे, तू तिकडूनच मुखत्यारपत्र पाठव. हेगच्या वकिलातीत जाऊन शिक्का मारून आणला, रेल्वेत बसून नकाशा बघत होते आणि आपण काय विकतोय हे मला नीट कळलंसुद्धा नव्हतं. दोन एकर, विहिरीसकट. आजोबांनी दर उन्हाळ्यात गाडीने पांढरीची माती आणून टाकलेलं रान.

तुम्ही घर भाड्याने घ्या. आणि तिकडचं काही विकायचं असेल, तर इथे दोन हिवाळे काढल्यावर ठरवा. मी पहिल्याच हिवाळ्यात सही केली.