मशीन नंतर घ्या, आधी उतरवण्याची जागा आणि सावली बघा

भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. नगरपालिकेचा छोटा कत्तलखाना, दिवसाला २५ च्या आसपास बकऱ्या-मेंढ्या. मे महिन्यात बाजारातून येणाऱ्या पिकअपमध्ये एखाद-दुसरं जनावर मरून किंवा आडवं पडून येतं. आत जायला जनावरं नकार देतात, म्हणून पोरं पायाला धरून ओढतात. वर गिऱ्हाईक म्हणतं मटण काळपट आणि चिकट लागतं. आणि तुम्ही विचारताय बेशुद्ध करायचं मशीन कोणतं घ्यावं. मशीन चांगलंच, पण तुमचं दुखणं सुरीच्या आधीच्या बारा-पंधरा तासांत आहे.

काळ्या मटणाचं कारण आधी. जनावराच्या स्नायूत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. कापल्यावर तिचं आम्ल होतं आणि २४ तासांत मटणाचा पीएच (आम्लाचं माप, आम्ल जास्त तितका आकडा कमी) ५.५ ते ५.८ वर येतो. उपाशी, तहानलेलं, झुंजलेलं, घाबरलेलं जनावर ही साखर जिवंतपणीच जाळून टाकतं. मग आम्ल कमी पडतं, पीएच ६ च्या वर राहतो, मटण गडद आणि चिकट होतं आणि लवकर खराबही होतं. यात बकरीचं जास्त होतं, कारण ती मेंढीपेक्षा चटकन बिथरते. म्हणजे जनावराचा त्रास कमी करणं आणि तुमचा माल चांगला निघणं हे इथे एकच काम आहे.

आता गाडी. पिकअपचा हौदा साधारण ९ बाय साडेपाच फूट, म्हणजे ४.६ चौरस मीटर. जनावर वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत २५ ते ३० किलोच्या, लोकर कापलेल्या जनावराला ०.२२ चौरस मीटर धरलंय, लोकर असेल तर ०.२३. बकरीला पहिलं माप लावा. हिशोब वीसवर येतो. आपल्याकडे तीस-पस्तीस कोंबतात. हे नियम ६ तासांवरच्या प्रवासासाठी आहेत हे खरं, पण चाळीसगाव ते धुळे एवढ्या अंतरातही मापाचा उपयोग तोच. दाटीत एक खाली पडलं की बाकीची त्याच्यावर उभी राहतात आणि ते गुदमरतं. तुमची मेलेली जनावरं बहुतेक अशीच मेली असणार, नुसत्या उन्हानं नाही. त्याच नियमांत तळाला किमान ५ सेंटीमीटर काड किंवा भुशाचा थर सांगितलाय, पाय बांधायला मनाई आहे आणि मेंढ्या-बकऱ्या वेगळ्या न्यायच्या किंवा मध्ये फळी टाकायची असं आहे. जळगाव-रावेरकडे केळीचा ओला पाला फुकट मिळतो म्हणून अंथरतात. तो अंथरू नका, त्यावर खूर सटकतो. कडबा किंवा गव्हाचं भुसकट बरं.

व्यापाऱ्याला दुपारी गाडी आणू देऊ नका. पहाटे किंवा संध्याकाळी सहानंतर. पारा ४५ ला असतो तेव्हा उभ्या गाडीचा हौदा म्हणजे तापलेला तवा. चालू गाडीत निदान वारा तरी लागतो, चहाला थांबली की जनावरं धापायला लागतात.

उतरवताना फाळका उघडून उडी मारायला लावणं किंवा कान, शिंग, लोकर धरून खाली टाकणं हे सगळ्यात जास्त नुकसान करतं. लोकर धरून उचललेल्या मेंढीचं कातडं काढा, बोटांच्या जागी लाल-काळे डाग दिसतील. तो भाग छाटून टाकावा लागतो. एक उतार बांधा, २० अंशांपेक्षा कमी चढाचा, खूर अडकेल अशा आडव्या पट्ट्यांचा, दोन्ही बाजूंना बंद भिंतीचा. जाळीची बाजू नको, पलीकडची माणसं दिसली की जनावर थांबतं.

मग बसायची जागा. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे तपासणीनंतर २४ तास विश्रांती आणि लहान जनावराला १.६ चौरस मीटर जागा लागते. २५ जनावरांचे ४० चौरस मीटर, म्हणजे २० बाय २२ फुटांची मोकळी शेड. बहुतेक ठिकाणी एवढी जागा सोडलेलीच नसते आणि कोणी विचारतही नाही, पण तुमच्याकडे आवार असेल तर पहिला खर्च हा करा. नुसता पत्रा उन्हात आग ओकतो. त्यावर कडब्याचा थर द्या किंवा खाली अंतर सोडून शेडनेट बांधा, आणि पश्चिमेची बाजू झाका.

पाणी कापायच्या वेळेपर्यंत समोर पाहिजे. चारा मात्र १२ तास आधी बंद करा, नाहीतर पोट फुगलेलं राहतं आणि आतडं फाटून मटणाला घाण लागायची भीती असते. उन्हाळ्यात ३० किलोच्या बकरीला दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरून चला. सातपुड्यातून आलेल्या बकऱ्या झऱ्याचं वाहतं पाणी पिणाऱ्या. सिमेंटच्या हौदाकडे त्या बघतही नाहीत. त्यांना बादलीत ताजं ओतून द्या, पाणी पडण्याचा आवाज झाला की तोंड घालतात. शिंगाची काठेवाडी बकरी आणि बिनशिंगाच्या मेंढ्या एका खणात ठेवू नका. दोन बाजारांचे बोकडही एकत्र नको, रात्रभर टकरा चालतात. एकटं जनावरही ठेवू नका, एकटी बकरी ओरडून ओरडून अर्धी होते.

तोंड उघडून धापणारं, मान लांब केलेलं जनावर थेट कापायला घेऊ नका. सावलीत, वाऱ्याला घ्या आणि पोटाखाली, पायांवर पाणी मारा. लोकरीच्या मेंढीच्या पाठीवर ओतून फायदा नाही, लोकर भिजते, आतली उष्णता तिथेच कोंडते.

आत जायला नकार का देतात, हे बघायला त्यांच्या उंचीवर वाका आणि दारातून आत बघा. बहुतेक वेळा उजेडातून अंधारात शिरायचं असतं, किंवा दारातच नाली असते, चमकणारं डबकं, लोंबणारी साखळी, समोर उभा माणूस. आत दिवा लावा, नालीवर फळी टाका, माणूस बाजूला करा. खांद्याच्या मागून आलात की जनावर पुढे जातं, समोरून आलात की मागे फिरतं. मेंढ्यांना पुढे एक म्होरक्या हवा. माणसाळलेला बोकड रोज पुढे नेऊन परत आणला की बाकीच्या त्याच्या मागे निमूट जातात. शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर खाचा पाडा. रक्ताने ओली झाली की त्यावर माणूसही उभा राहत नाही.

एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, हे नियमातही आहे आणि मुलाणी चाचांना वेगळं सांगायला लागत नाही. जनावरासमोर सुरी पाजळू नये, हे त्यांच्याकडे आधीपासून आहे. पार्टिशन बांधायला पैसे नसतील तर जाड गोणपाटाचा पडदा चालेल, रोज धुवायचा.

सुरी मानेच्या रुंदीच्या दुप्पट लांब, पात्याला एकही खाच नाही. जबड्याच्या लगेच मागे, एका ओढीत, दोन्ही बाजूच्या धमन्या तुटल्या पाहिजेत. मेंढ्यांवरच्या मोजमापात दोन्ही तुटल्या तर मेंदू १४ सेकंदांच्या आसपास बंद पडला, एकच तुटली तर ७० पर्यंत गेला. एवढा फरक बोथट सुरी आणि घाईमुळे पडू शकतो. कापल्यावर डोकं मागे ताणून धरा, म्हणजे जखम मिटत नाही. लगेच मान मोडू नका. त्याने तडफड थांबते, शुद्ध गेलेली नसते. पाय झटकणं हे जिवंतपणाचं लक्षण नाही. डोळ्याच्या बाहुलीला बोट लावून पापणी हलते का, छाती लयीत वर-खाली होते का, हे बघा. दोन्ही थांबल्याशिवाय कातड्याला हात नको.

आता मशीन. वीजचिमट्याचं घेतलंत तर बकरी-मेंढीला किमान १ अँपिअर, कोकराला ०.७. चिमटा डोळा आणि कान यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी, तीन सेकंद. लोकर असेल तर जागा भिजवायची, टोकांवरची काजळी रोज ब्रशने काढायची, अँपिअरचा काटा चालवणाऱ्याला दिसला पाहिजे. व्होल्टेज पडलं की करंट कमी जातो, जनावर नुसतं लुळं होतं आणि वेदना कळतच राहते. म्हणून स्टॅबिलायझरशिवाय घेऊच नका, भारनियमनाच्या वेळी वापरू नका. ही बेशुद्धी टिकत नाही, १५ सेकंदांत सुरी चालली पाहिजे. टांगून मग कापायची सवय असेल तर ती आधी सोडा. बोल्टची पिस्तूल (डोक्यावर लोखंडी खिळा हाणून बेशुद्ध करणारी) घेतलीत तर शिंगाच्या जनावराला कपाळावर नाही, शिंगांच्या मागे, हनुवटीच्या दिशेने. धार्मिक पद्धतीला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २८ ने सूट आहे, त्यामुळे मशीनची सक्ती कोणावर करू नका, बोलून ठरवा.

एक शेवटचं, कागदाचं. गाभण, तीन महिन्यांपेक्षा लहान किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेलं जनावर कापता येत नाही, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना कास आणि उजवी कूस हाताने चाचपूनच दाखला लिहायला सांगा. एका डॉक्टराला तासाला १२ आणि दिवसाला ९६ पर्यंतच जनावरं तपासता येतात. रोजच्या २५ ना अडचण नाही, पण बकरी ईद, धुळवड आणि आषाढातल्या रविवारी आकडा वाढतो, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांसाठीचा अर्ज पंधरा दिवस आधी द्या.