अंगाला हात न लावता बलप्रयोग होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. कायद्यातल्या 'फोर्स'ला मराठीत कुठे 'बल' आणि कुठे 'अंमल' का म्हणतात, आणि अंगाला हात न लावता बलप्रयोग होतो का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. भारतीय न्याय संहिता (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला फौजदारी कायदा) १ जुलै २०२४ पासून अंमलात आली, इंग्रजीत 'केम इन्टू फोर्स', पण त्यात कुणी कुणाला ढकललेलं नाही. इंग्रजीने एकाच गड्याला दोन कामांना जुंपलं, आपण दोन गडी लावले. झालं.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या घरचा आहे. होतो. शंभर टक्के होतो.

२०११ चा मार्च. आमच्या सोलापूरकडे ज्वारीची काढणी उरकली होती. आप्पा कडब्याची गाडी घेऊन बांधाकडच्या वाटेने घराकडे निघाले होते, मी मागून चालत होतो. वळणावर चुलतभाऊ आला आणि त्याने डाव्या बैलाची वेसण धरली. बैलाने मान वर केली, गाडी हिसका बसून थांबली, वर बसलेले आप्पा पुढे कलंडले. कडब्याला आवळलेला दोर हाताला लागला म्हणून पडले नाहीत. चार पेंढ्या मात्र खाली आल्या. "वाट माझ्या गटातली आहे, गाडी माघारी घ्या," दादा म्हणाला. सत्तरीच्या माणसाला.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराने दोनच प्रश्न विचारले. हात लावला का? नाही. रक्त आलं का? नाही. "मग कसला बलप्रयोग?" शिवीगाळ-दमदाटीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून कागद हातात दिला.

त्या रात्री मी तेव्हाची भारतीय दंड संहिता उघडली. कलम ३४९ मध्ये बलाची व्याख्या होती (आता न्याय संहितेत कलम १२८). त्यात मारहाणीचा शब्दही नाही. दुसऱ्या माणसाला गती देणं, त्याची गती बदलणं किंवा ती थांबवणं म्हणजे बल. मग ते स्वतःच्या अंगबळाने करा, एखादी वस्तू अशी ठेवून करा की पुढचं आपोआप घडेल, किंवा जनावराला हलायला वा थांबायला लावून करा. नुसतं बल हा गुन्हा नाही, नाहीतर धक्का देऊन लोकलमध्ये चढणारी अख्खी मुंबई आत जाईल. ते मुद्दाम, समोरच्याच्या संमतीविना आणि एखादा गुन्हा करण्यासाठी किंवा इजा, भीती, त्रास व्हावा म्हणून वा होईल हे ठाऊक असून केलं, की तो फौजदारीपात्र बलप्रयोग. त्याखालची उदाहरणं वाचाच: बांधलेली होडी सोडून देणं, रथाच्या घोड्यांना चाबूक मारणं, अंगावर कुत्रं सोडणं. आणि पालखीचा दांडा धरून पालखी थांबवणं! आत बसलेल्याला कुणी बोटही लावलेलं नाही, तरी त्याची गती थांबली, म्हणून बल.

दुसऱ्या दिवशी मी ते ठाण्यात मोठ्याने वाचून दाखवलं. अंमलदार म्हणाले, "पालख्या आषाढीला येतात, तेव्हा या."

आता पोटकलमांचा कीस काढणारे म्हणतील, वाट अडवण्याला 'गैरनिरोध' हा वेगळा गुन्हा आहे आणि तो दखलपात्रही आहे (म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात), तुम्ही तेच लावायचं होतं. खरं आहे. पण त्याला एक पळवाट आहे: जमिनीवरची खाजगी वाट अडवायचा आपल्याला हक्क आहे असं कुणी सद्भावाने मानत असेल, तर तो गैरनिरोध होत नाही. दादा नेमकं तेच म्हणत होता. म्हणून मी बलावर अडून बसलो.

मी वकील नाही, हेही सांगून ठेवतो. साध्या बलप्रयोगाला शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसीच करणार. त्या दिवशी अंमलदाराचं कारण चुकीचं होतं, कागद बरोबर होता, हे मला नंतर कळलं. तुमचंही भांडण वाटेचंच असेल तर ठाण्यात खेटे घालू नका. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करा, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आम्ही सातव्या महिन्यात गेलो.

दादा अजून प्रत्येक लग्नात पंगतीला बसला की सांगतो, "मी आप्पांच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं." नव्हतंच लावलं. पालखीतल्या माणसाला तरी कुणी लावलं होतं?