गोल्फच्या सरावात सहज बसणारा शॉट समोर पाणी आलं की का बिघडतो?

तुम्ही लिहिलंय की सरावाच्या मैदानावर सात नंबर आयर्नने (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी) 140 यार्ड आरामात जातात, पण मध्ये तळं आलं की तोच क्लब, तेच अंतर आणि बॉल पाण्यात. तर मन कणखर कसं करायचं?

मी म्हणेन, कणखर करण्याच्या भानगडीत पडूच नका. पाण्याची भीती वाटणारच, कारण दंड खरा आहे. गडबड होते ती वेळेची. क्लब निवडताना आपण त्या भीतीला गप्प बसवतो आणि मग बॉलपाशी उभं राहिलं की ती सगळा हिशेब मागायला लागते. हा क्रम उलटा करायचा.

आधी तुमच्या त्या 140 कडे बघू. हे अंतर बहुधा चांगल्या बसलेल्या शॉटचं आहे, आणि त्यात जमिनीवरून घरंगळत गेलेले यार्डही धरलेले असतात. पाण्यावरून मारताना घरंगळणं शून्य, फक्त हवेतलं अंतर मोजायचं. समजा पलीकडचा काठ 130 वर आहे आणि तुमचा रोजचा, ना चांगला ना वाईट असा शॉट हवेतून 128 जातो. मग पोटात गोळा येतो तो अगदी रास्त आहे! म्हणून बॉल घालायच्या खड्ड्यावरच्या झेंड्याचं अंतर विसरा. पलीकडच्या काठाचं आणि ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) मध्याचं, अशी दोनच अंतरं घ्या. रोजचा शॉट काठाच्या पलीकडे निदान दहा यार्ड पडेल असा क्लब काढा. बहुतेक वेळा तो सहा नंबर निघेल, कधी पाचही (नंबर जितका कमी तितका बॉल लांब जातो). बॉल ग्रीनच्या मागे गेला तर गेला, तिथून चिप, म्हणजे छोटा हलका फटका, मारता येतो. आणि कुठलाच क्लब पुरत नसेल तर ले-अप करा, म्हणजे बॉल पाण्याच्या अलीकडेच ठेवा, पण तोही ठरवून. ‘जमेल तितका पुढे’ म्हणत काठापर्यंत बॉल नेणारे लोक ले-अपमध्येच बॉल बुडवतात.

व्यावसायिक खेळाडूंचीही यातून सुटका नाही. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या मैदानाचं 17 वं होल जेमतेम 137 यार्डांचं, त्यांच्या हातात वेज (आखूड अंतराचा क्लब) किंवा नऊ नंबर. पण ग्रीनच्या जवळजवळ चहूबाजूंनी पाणी. 2007 च्या प्लेअर्स स्पर्धेत पहिल्याच दिवशी तिथे 50 बॉल बुडाले. मास्टर्स स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टाचं 12 वं होलही असंच आखूड. 2019 च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी मोलिनारी, फिनाऊ, केप्का, पोल्टर या सगळ्यांचे बॉल तिथल्या ओढ्यात गेले. झेंडा उजवीकडे होता, तरी टायगर वुड्सने ग्रीनच्या डाव्या, सुरक्षित भागावर बॉल ठेवला, पार घेतला (ठरलेल्या फटक्यांत होल पूर्ण केलं) आणि पुढे स्पर्धा जिंकली. (पुढच्या वर्षी त्याच होलवर त्याच माणसाने 10 फटके घेतले, म्हणजे कोणालाच कायमची सूट नाही.)

आता शरीरात काय होतं ते बघा, कारण ‘मानसिक’ म्हणतात ती गोष्ट शेवटी हातांतूनच बाहेर पडते. पाणी दिसलं की पहिल्यांदा बोटं आवळतात. मग मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात, खांदे पुरते वळत नाहीत, बॅकस्विंग तोकडा राहतो. तोकड्या स्विंगची भरपाई म्हणून वरून घाईने खाली येणं होतं. आणि सगळ्यात घातक म्हणजे बॉल ‘उचलून’ पलीकडे टाकायचा प्रयत्न. वजन मागच्या पायावर राहतं, मनगटं चमच्यासारखी वर जातात, क्लब एकतर आधी जमिनीत घुसतो नाहीतर बॉलच्या डोक्यावर बसतो. दोन्हींचा शेवट तळ्यात. खरं तर बॉल वर नेण्याचं काम लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या तिरपेपणाचं आहे. सात नंबरला तीसेक अंशांचा लॉफ्ट दिलेला असतो तो त्यासाठीच. तुम्ही खाली मारा, तो वर जाईल. स्विंगच्या वेळी मनात एकच गोष्ट ठेवायची असेल तर ही ठेवा: शॉट संपल्यावर पूर्ण वजन पुढच्या पायावर, आणि बॉल पडेपर्यंत त्याच पवित्र्यात उभं राहायचं. पवित्रा टिकवायचा म्हटलं की उचलाउचली आपोआप कमी होते.

‘पाण्यात नको, पाण्यात नको’ हा जप मात्र बंद करा. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 1998 मध्ये पटिंगवर (ग्रीनवर बॉल घरंगळवत नेण्यावर) प्रयोग केला होता. बॉल खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका असं लोकांना बजावलं, आणि सोबत एक आकडा लक्षात ठेवायला दिला. डोक्यावर तो भार असताना लोकांचे पट नेमके पुढे गेले. पाण्यासमोर तुमच्या डोक्यावर भार असतोच, तो वेगळा द्यावा लागत नाही. मनाला नकार देण्यापेक्षा जागा द्या. ‘ग्रीन’ इतकी मोघम नको. मागच्या झाडाची एखादी फांदी किंवा बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) कडेचा टोकाचा भाग, इतकी बारीक.

बाकी क्रम साधा आहे. बॉलच्या मागे, दोन-तीन पावलांवर उभं राहून सगळी घासाघीस तिथेच करा: वारा, काठ, क्लब, भीती, सगळं. ठरलं की एक सरावाचा स्विंग, एक लांब श्वास सोडायचा, पुढे जायचं, एकदा लक्ष्याकडे बघायचं आणि मारायचं. बॉलपाशी जितकं रेंगाळाल तितकी बोटं आवळतील. उभं राहिल्यावर शंका आलीच तर मागे या. मागे येण्यात कमीपणा नाही, शंकेसकट मारण्यात आहे.

पाणी आलं की खिशातून जुना, खरचटलेला बॉल काढायची अनेकांना सवय असते. मला ती मुळीच आवडत नाही. नवा बॉल गेल्याचं दुःख परवडत नसेल तर सगळी फेरी जुन्यानेच खेळा, पण ऐन वेळी बॉल बदलणं म्हणजे ‘हा जाणारच’ असं स्वतःला सांगणं.

आणि गेलाच तर? एका फटक्याचा दंड. पण मोठं नुकसान पुढच्या शॉटमध्ये होतं. 2016 च्या मास्टर्समध्ये जॉर्डन स्पीथ पहिल्या नऊ होलनंतर पाच फटक्यांनी पुढे होता. 12 व्या होलवर त्याचा टी शॉट, म्हणजे पहिलाच फटका, ओढ्यात गेला. दंडानंतर बॉल हातातून खाली टाकून (याला ड्रॉप म्हणतात) मारताना वेज आधी जमिनीत घुसला आणि बॉल पुन्हा ओढ्यात. त्या होलवर सात फटके झाले आणि स्पर्धा डॅनी विलेटने जिंकली. म्हणून ड्रॉप घ्यायच्या आधी थोडं चाला, पाणी प्या, घाई नको. पाण्याची हद्द दाखवणाऱ्या खुंट्या पिवळ्या असोत वा लाल, बॉल जिथून आत गेला तो बिंदू आणि झेंडा यांच्या सरळ रेषेत तुम्हाला हवं तितकं मागे जाता येतं. लोक हा हक्क वापरतच नाहीत, काठाला चिकटून ड्रॉप घेतात आणि 40 यार्डांचा अर्धवट वेज मारत बसतात. तुमचा पूर्ण स्विंगचा वेज 80 यार्ड जात असेल तर 80 पर्यंत मागे जा आणि तिथून पूर्ण स्विंग करा.