आधी क्रेडिट, मग विद्यापीठ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चौदा अमेरिकन विद्यापीठांची नावे आहेत, त्यांचे जागतिक क्रमांक आहेत, एका गावच्या थंडीचीही चौकशी आहे. परंतु पुण्यात गेले दीड वर्ष तू जे विषय शिकलीस, त्यांपैकी एकाचेही नाव नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षानंतर ट्रान्सफर, म्हणजे मधल्या वर्षातच तिकडच्या विद्यापीठात प्रवेश, मिळेल का, असे तू विचारतेस. कुठेतरी मिळेलच. तिथे गेल्यावर माझे किती क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांसाठी मिळणारी अभ्यासाची एकके, मोजतील आणि ते कशात मोजतील, हे तू विचारायला हवे होतेस.

तू मेहनती आहेस, गुण चांगले आहेत आणि घरचे पाठीशी आहेत, हे सारे मी गृहीत धरतो. त्यामुळे धीर देण्यात कागद न घालवता मुद्द्याकडे येतो.

अमेरिकेतील चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते आणि बाहेरून कितीही क्रेडिट आणले तरी त्या १२० पैकी निम्मे, म्हणजे सुमारे दोन वर्षांचे शिक्षण, त्या विद्यापीठातच झाले पाहिजे, असा अनेक विद्यापीठांचा नियम असतो. तू दोन वर्षे पूर्ण करून गेलीस तर या हिशेबात बसतेस, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ‘क्रेडिट स्वीकारले’ आणि ‘क्रेडिट तुझ्या शाखेच्या आवश्यक विषयांत धरले’ या दोन गोष्टींमध्ये एका वर्षाचे अंतर असू शकते. तुझे वर्कशॉप आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्स ऐच्छिक विषय म्हणून सहज जमा होतील, आकडा फुगेल, आणि ज्या गणितावर पुढची सगळी साखळी अवलंबून आहे तेच पुन्हा करायला सांगतील.

गणिताचेच उदाहरण घे. आपल्याकडे एम-१ मध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पहिल्या पेपरात, सहसा मॅट्रिक्स आणि आंशिक विकलन एकत्र असते, तर एम-२ मध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मल्टिपल इंटिग्रल्स. अमेरिकेत मॅट्रिक्स लिनिअर अल्जिब्रात शिकवतात, आंशिक विकलन आणि मल्टिपल इंटिग्रल्स तिसऱ्या कॅल्क्युलसमध्ये, आणि डिफरन्शियल इक्वेशन्स हा वेगळा विषय असतो. तपासणारा प्राध्यापक तुझा एम-१ एकटा पाहील तर तो त्याच्याकडील कोणत्याच विषयाशी जुळणार नाही आणि तो प्रामाणिकपणे शून्य लिहील. दोन्ही विषय शेजारी ठेवून, कोणते युनिट त्यांच्या कोणत्या विषयात जाते आणि त्यावर किती तास खर्च झाले, हे तू दाखवलेस तरच त्याला होकार देता येईल. हे काम तुझे आहे. परदेशी गुणपत्रिकांचे मूल्यमापन करणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेचा विषयवार अहवाल अनेक ठिकाणी मागतात आणि तो करून घ्यावा लागतो, पण तो सल्ल्यासारखा असतो. अंतिम निर्णय विद्यापीठाचा, आणि शाखेतील विषयांबाबत बहुधा त्या विभागाचाच असतो.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो, ते ऐक. मी असाच ट्रान्सफर घेऊन अमेरिकेत गेलो तेव्हा क्रेडिटचे काय, असे विचारले होते आणि ‘आल्यावर पाहू’ असे उत्तर मिळाले होते. आल्यावर त्यांनी पाहिले आणि जवळपास एका वर्षाचे शिक्षण बाजूला ठेवले. मग मी अभ्यासक्रमाची पाने घेऊन एकेका प्राध्यापकाच्या दारात उभा राहिलो आणि त्यातले बरेच परत मिळवले. विभागातील मंडळी मला भांडखोर म्हणत असत. म्हणोत बापडी, त्या भांडणाने वडिलांची एका सत्राची फी वाचली. मात्र ज्यासाठी मी गेलो होतो, ते शाखेबाहेरचे विषय, तो इतिहास, ते अर्थशास्त्र, त्यांच्या जागा आधीच केलेले गणित पुन्हा करण्यात संपल्या. ती हळहळ अजून गेलेली नाही. म्हणून प्रवेशपत्र आल्यानंतर आणि जागा राखण्याची रक्कम भरण्यापूर्वी जे विद्यापीठ विषयवार लेखी उत्तर देत नाही, ते मी यादीतून काटतो. यात चांगली विद्यापीठे हातची जातात, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. जाऊ देत. जे तुझी दोन वर्षे मोजायला तयार नाही, ते तुझ्यासाठी चांगले कसे?

याच कारणाने मला कॅलिफोर्नियाची पद्धत आवडते. तिथे उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजमधून, राज्य विद्यापीठात जाण्याचा रस्ता आखलेला आहे आणि कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे चालतो, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आधीच पाहता येते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा यांसह सहा ठिकाणी अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमीही मिळते. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यांत नाहीत. पण हा रस्ता तिथल्या कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी आहे. पुण्याहून थेट अर्ज करणारी तू त्या रांगेत मागे असशील, हे कबूल करूनच अर्ज कर.

तुझ्या यादीतील प्रिन्स्टनबद्दल फार लिहीत नाही. त्यांनी १९९० पासून ट्रान्सफर बंद ठेवले होते, २०१८ मध्ये पुन्हा सुरू केले, आणि घेतात ते मूठभर. आर्थिक मदतीचेही ऐकून ठेव: अमेरिकन सरकारची मदत तुला लागू नाही आणि मधल्या वर्षात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांकडे पैसे कमीच असतात. न मोजलेले प्रत्येक सत्र तुमच्या घरच्या कर्जात जमा होईल. पुन्हा तोच प्रश्न: किती मोजतील?

तुझ्या मैत्रिणीने कॉलेजचा उल्लेख न करता बारावीनंतर गॅप दाखवून पहिल्या वर्षाला अर्ज करण्याचा सल्ला दिला आहे. तो वाचून मला राग आला. बारावीनंतर जिथे नाव नोंदवले त्या प्रत्येक संस्थेची माहिती अर्जात मागतात. ती लपवणे म्हणजे खोटे बोलणे, आणि उघडकीस आले तर प्रवेश रद्द होतो. शिवाय शिकलेले आपणच शून्य करून टाकायचे, तर भांडायचे कशासाठी?

आता कामाचे. कॉमन ॲप, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकत्र अर्ज करण्याची ऑनलाइन सोय, तिच्या ट्रान्सफर अर्जात सध्याच्या कॉलेजने भरायचा अहवाल असतो. तुमच्या कार्यालयाने तो बहुधा कधी पाहिलेला नसेल, तेव्हा तो छापून, रिकाम्या जागा समजावून, सौजन्याने आणि चिकाटीने पाठपुरावा कर. अनेक ठिकाणची मुदत मार्चच्या आसपास असते, कॅलिफोर्नियाची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच. अर्धवट सोडून का येतेस, हे निबंधातही विचारतील आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील व्हिसाच्या खिडकीवरही विचारू शकतात. कोणते विषय इथे झाले, कोणते तिथे होतील, हे हातात असले की त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येते.

तुझ्या चारही सत्रांचे अभ्यासक्रम, युनिट आणि तासांसह, विभागप्रमुखांची सही-शिक्का घेऊन मला पाठव. एम-१ आणि एम-२ चे टिपण आपण दोघे मिळून करू. यादीतील चौदापैकी सहाच ठेव, आणि कोणती ठेवायची हे त्यांच्या विभागांची उत्तरे वाचून ठरव. तिकडचे उत्तर आणि व्हिसा दोन्ही हाती येईपर्यंत कॉलेजमधून नाव मात्र काढू नकोस.

तुझा,
काका