वाचकांचे प्रश्न : वीज गेली की सेव्ह केलेली फाइल का बिघडते?

प्रश्न : देवगडला आमचा आंबा पॅकिंगचा व्यवसाय आहे आणि बागायतदारांचा सगळा हिशेब संगणकावर असतो. मे अखेरच्या वादळी पावसात वीज सारखी जाते. मागच्या आठवड्यात सेव्ह केलेली फाइलही नंतर उघडेना, आणि संगणक सुरू होताना बराच वेळ डिस्क तपासत राहिला. सेव्ह केल्यावरही असे कसे होते?
— एक आंबा व्यावसायिक, देवगड

उत्तर : आपण सेव्ह म्हणता तेव्हा आपला प्रोग्रॅम स्वतः डिस्कवर काहीही लिहीत नाही, तो ऑपरेटिंग सिस्टीमला तशी विनंती करतो. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेला कर्नल ही माहिती रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत, उतरवून घेतो, प्रोग्रॅमला ‘काम झाले’ असे कळवतो आणि प्रत्यक्ष डिस्कवर ती सवडीने लिहितो. याचे कारण वेगातील तफावत हे आहे. रॅममधील माहिती सुमारे 100 नॅनोसेकंदांत हाती येते, तर फिरत्या हार्ड डिस्कला योग्य जागी पोहोचायलाच 10 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे जवळजवळ लाखपट वेळ. प्रत्येक वेळी डिस्कसाठी थांबायचे ठरवले, तर संगणकावर काम करणे असह्य होईल. लिनक्समध्ये अशी माहिती साधारण 30 सेकंदांपर्यंत रॅममध्ये राहू शकते, आणि वीज गेली की रॅम रिकामी होते.

त्यातच फाइल लिहिणे हे एक काम नसून अनेक कामांची साखळी असते. मजकूर लिहायचा, फाइलचा नवा आकार नोंदवायचा, डिस्कवरची कोणती जागा भरली हे टिपायचे, फोल्डरमधील नोंद बदलायची; यांपैकी दोन कामे होऊन तिसऱ्याच्या आधी वीज गेली, तर नोंदींचा एकमेकींशी मेळ बसत नाही. यावर उपाय म्हणून विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी4 या फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती) व्यापाऱ्याच्या हिशेबाचीच रीत पाळतात : आधी कीर्दीत नोंद, मग खतावणी. वीज आल्यावर कीर्द वाचून अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे केले जातात किंवा रद्द केले जातात. तरीही एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. ही व्यवस्था मुख्यतः फाइल सिस्टीमची रचना शाबूत ठेवते. आपल्या फाइलमधील मजकूर पूर्ण उतरला असेलच, याची हमी ती देत नाही. आपल्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे.

म्हणून शट डाउन हा उपचार नव्हे, ते खरेखुरे काम आहे. त्या वेळी प्रत्येक प्रोग्रॅमला आवरते घ्यायला सांगितले जाते, रॅममध्ये साचलेले सर्व लेखन डिस्कवर उतरते आणि मगच वीज तोडली जाते. माझ्या मते कोकणात हिशेब ठेवणाऱ्या संगणकाला यूपीएस हवाच. घरचा इन्व्हर्टर असेल, तर त्यावर यूपीएस मोडचे बटण आहे का ते पाहावे. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणाऱ्या क्षणातच संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. हिशेबाची रोज एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, परंतु पेन ड्राइव्हवर बहुधा एफएटी32 किंवा एक्सएफएटी ही फाइल सिस्टीम असते, ज्यांत ही कीर्द नसते. तो ‘इजेक्ट’ केल्याशिवाय कधीही उपसू नये.

प्रश्न : प्रोग्रॅम आणि प्रोसेस यांत नेमका फरक काय? आणि 4 जीबी रॅममध्ये त्याहून जास्त जागा मागणारे प्रोग्रॅम एकाच वेळी कसे चालतात?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : प्रोग्रॅम म्हणजे डिस्कवर पडून असलेली सूचनांची फाइल, आणि तो चालू झाला की प्रोसेस. प्रोसेसला स्वतःची मेमरी असते, तिने उघडलेल्या फाइलींची यादी असते आणि ती कुठवर पोहोचली याची नोंद असते. टास्क मॅनेजर उघडून पाहिलेत, तर एकाच ब्राउझरच्या नावाने अनेक प्रोसेस दिसतील. प्रोसेसरचा एक कोअर (काम करणारा भाग) एका वेळी एकच काम करतो. कर्नल काही मिलिसेकंदांनी एकीला थांबवून तिची स्थिती जपून ठेवतो आणि दुसरीला पुढे आणतो.

रॅमचे उत्तर व्हर्च्युअल मेमरीत आहे. प्रत्येक प्रोसेसला सलग पत्त्यांची स्वतंत्र मेमरी दिसते. प्रत्यक्षात ती बहुधा 4 केबीच्या पानांत विभागलेली असते, आणि वापरात नसलेली पाने डिस्कवर ठेवता येतात. मँचेस्टर येथील ॲटलस संगणकात ही कल्पना 1962 मध्येच वापरात आली होती. मात्र चालू कामाला लागणारी पानेच रॅममध्ये मावेनाशी झाली, की सारा वेळ पानांची ने-आण करण्यात जातो : डिस्कचा दिवा अखंड लुकलुकतो आणि माउस जागचा हलत नाही. अशा वेळी काही प्रोग्रॅम बंद करावेत किंवा रॅम वाढवावी.

प्रश्न : अँड्रॉइड म्हणजेच लिनक्स का?
— एक शिक्षक, गुहागर

उत्तर : पूर्णपणे नाही. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतलेले लिनक्स हे मुळात कर्नल आहे. अँड्रॉइड त्याच कर्नलवर उभे आहे, आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेली बॉस ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीमही. परंतु कर्नलच्या वरची मांडणी दोन्हींत वेगळी असल्याने फोनमधील ॲप बॉसवर जसेच्या तसे चालत नाही.