वाचकांचे प्रश्न : औषधाची रिॲक्शन कळवायची कोणी आणि कुठे?

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील एका गावात १४ वर्षांपासून दवाखाना चालवतो. फिट्ससाठी कार्बामाझेपीन सुरू केलेल्या एका तरुण बाईला तिसऱ्या आठवड्यात ताप आला, अंगभर लाल चट्टे उठले आणि ओठ सुजून तोंड आतून सोलवटले. गोळी बंद करून मी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि आता ती बरी आहे. मधल्या काळात तिने झाडपाल्याचे औषधही घेतले होते, त्यामुळे दोष नक्की कशाचा हे मला ठरवता येत नाही. कंपनीच्या प्रतिनिधीच्या कानावर ही गोष्ट घातली आहे. आणखी कुठे कळवावे लागते का, आणि कळवल्यास ते माझ्याच अंगाशी येईल का?

उत्तर : अवश्य कळवावे, आणि दोष ठरेपर्यंत थांबू नये. ज्या फॉर्मवर ही माहिती भरायची, त्याच्या नावातच ‘संशयित’ हा शब्द आहे. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे आणि वय, काय झाले व कधी सुरू झाले, कोणत्या औषधाचा संशय आहे आणि कळवणारा कोण, एवढे भरले की अहवाल ग्राह्य धरला जातो. झाडपाल्याचा उल्लेख सोबत घेतलेल्या औषधांच्या रकान्यात करावा. तो लपवला तर पुढे तपासणाऱ्याची दिशाच चुकेल. गोळी बंद केल्यावर चट्टे कमी झाले का, हेही आठवणीने लिहावे, कारण कार्यकारणाचा अंदाज बांधताना त्याला फार वजन असते. मात्र खात्री करून घेण्यासाठी तीच गोळी पुन्हा देऊन पाहण्याचा विचारही करू नये.

अंगाशी येण्याची भीती मी अनेक डॉक्टरांकडून ऐकली आहे आणि ती मला समजते. परंतु अहवाल देणे म्हणजे डॉक्टरची किंवा औषधाची चूक कबूल करणे नव्हे, हे फॉर्मवरच स्पष्ट छापलेले असते आणि रुग्णाची ओळखही गुप्त ठेवली जाते. कंपनीवर असे अहवाल पुढे पाठवण्याचे कायदेशीर बंधन आहे, हे खरे. पण प्रतिनिधीला दारात उभ्याउभ्या सांगितलेली गोष्ट कागदावर उतरलीच असेल असे समजून चालू नये.

हे अहवाल २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमात जमा होतात. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वय केंद्र आहे आणि तेथील माहिती पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या संग्रहात जाते. अशी रुग्ण तुमच्या दवाखान्यात दहा वर्षांत एखादी येणार, चोपड्यातल्या डॉक्टरकडे एखादी, साक्रीत एखादी. ती प्रत्येकाच्या आठवणीतच राहिली, तर औषधाचा स्वभाव कोणालाच कळत नाही. पाळीच्या दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ताप, पुरळ आणि आतील अवयवांना इजा असा गंभीर ‘ड्रेस’ विकार होऊ शकतो, हा इशारा आयोगाने २०२३ मध्ये दिला, तो या कार्यक्रमात जमा झालेल्या अहवालांच्या विश्लेषणावरूनच. आपण सारे असे इशारे वाचतो. ते लिहिले जातात आपल्यासारख्यांनी पाठवलेल्या माहितीवर.

एक विनंती आहे. त्या बाईला औषधाचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी द्या आणि ती कायम जवळ ठेवायला सांगा. फेनिटॉइन व फिनोबार्बिटोन ही नावेही त्यावर हवीत, कारण एका औषधाने असा त्रास झालेल्या रुग्णाला त्याच गटातील दुसऱ्यानेही होऊ शकतो. ‘डाक्टर, त्या गोळीवरी आंगले खाज सुटनी’ एवढेच ती पुढच्या डॉक्टरला सांगू शकेल, आणि ‘ती गोळी’ कोणती हे त्याला कसे कळणार?

प्रश्न : माझे अमळनेरला औषधाचे दुकान आहे. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर क्षयरोगाच्या गोळ्या नेणारे रुग्ण येतात. त्यांची नोंद डॉक्टरांनी केलीच असेल, असे धरून मी स्वतंत्रपणे कळवत नाही. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. येथे प्रकरण ऐच्छिक राहिलेले नाही. २०१२ पासून क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ च्या राजपत्रातील अधिसूचनेने डॉक्टर आणि प्रयोगशाळेबरोबर औषधविक्रेत्यावरही ही जबाबदारी टाकली; कसूर केल्यास तेव्हाच्या दंडसंहितेनुसार (२०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे) कारवाईची तरतूदही त्यात आहे. शेड्यूल एच-१ चे, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचे, रजिस्टर तुम्ही ठेवतच असाल. चिठ्ठी देणारा डॉक्टर, रुग्ण, औषध आणि ते किती दिले हे त्यात असतेच. तीच माहिती, रुग्णाच्या पूर्ण पत्त्यासह, निक्षय या क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर किंवा जिल्हा क्षयरोग कार्यालयाकडे द्यायची आहे. नोंद दुबार झाली तर ती जुळवून घेता येते, पण झालीच नाही तर रुग्ण कोणाच्याच नजरेत राहत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. निक्षय क्रमांक असलेल्या रुग्णाचा उपचार तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येतो. क्रमांक नसेल, तर दोन महिन्यांनी खोकला थांबला की गोळ्याही थांबतात आणि फडातल्या कोपीत शेजारी झोपणाऱ्या लेकरांपर्यंत आजार पोहोचतो. पोषणासाठी रुग्णाच्या खात्यावर जमा होणारी रक्कमही नोंदीशिवाय मिळत नाही.

प्रश्न : मी डॉक्टर नाही. माझ्या सासूबाईंना एका गोळीने त्रास झाला. मला कळवता येईल का? (चोपडा)

उत्तर : होय. रुग्ण आणि नातेवाइकांसाठी मराठीतही फॉर्म आहे, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी बोलताही येते. फोन करताना गोळीची पट्टी हातात असू द्या. सुट्या गोळ्या देताना पट्टी कात्रीने कापली जाते आणि बॅच क्रमांक व मुदतीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहते. तसे झाले असेल, तर बिल घेऊन दुकानात जा आणि बॅच क्रमांक त्यावर लिहून घ्या.