भाड्याच्या एसयूव्हीने यूटामधील रॉबर्स रूस्ट आणि मेझपर्यंत जाता येईल का?

दरोडेखोर बुच कॅसिडी जेथे लपत असे त्या रॉबर्स रूस्टच्या प्रदेशातून पुढे कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या मेझ या दऱ्यांच्या भागापर्यंत भाड्याच्या ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्हीने जाता येईल का, असे आपण विचारले आहे. रस्ता कोरडा असेल तर हान्स फ्लॅटच्या रेंजर ठाण्यापर्यंत जाता येईल. त्यापुढे ती गाडी नेऊ नये, असे मी या वाटेने दोनदा गाडी चालवल्यानंतर सांगतो.

हमरस्ता 24 सोडल्यावर हान्स फ्लॅटपर्यंत 46 मैल कच्चा रस्ता आहे, आणि ठाण्यावर पेट्रोल, अन्न वा पाणी यांपैकी काहीच मिळत नाही. तेथून मेझच्या दऱ्या केवळ 30 मैलांवर असल्या तरी पोहोचायला तीन-साडेतीन तास लागतात. वाटेतील फ्लिंट ट्रेल हा चिकणमातीच्या कड्यावरून उतरणारा घाट असून त्याच्या काही वळणांवर लांब गाडी मागेपुढे करूनच वळवावी लागते. शिवाय अशा उतारावर सारखा ब्रेक न दाबता लो रेंजच्या (चाकांना कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअर व्यवस्थेच्या) पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या आधारे गाडी आवरावी लागते, आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना बहुधा लो रेंज नसते. माझ्या नकाराचे मुख्य कारण हेच आहे. पहिल्या खेपेस रात्रभर पाऊस पडल्यावर तीच माती इतकी निसरडी झाली की आम्हाला घाटाखाली दीड दिवस थांबावे लागले; जादा पाणी बरोबर होते म्हणून निभावले.

कॅसिडीला आश्रय मिळाला तो याच दुर्गमतेमुळे. 21 एप्रिल 1897 रोजी कॅसल गेट येथे कोळसा कंपनीच्या पगाराचे सुमारे 7,000 डॉलर लुटून तो आणि त्याचा साथीदार एल्झी ले दक्षिणेकडे पळाले, तेव्हा तारायंत्राच्या तारा तोडलेल्या होत्या आणि वाटेत ताज्या दमाचे घोडे तयार ठेवलेले होते. ग्रीन, कोलोराडो आणि डर्टी डेव्हिल या नद्यांमधल्या या कोरड्या मुलखात झरे कोठे आहेत, हे त्यांना ठाऊक होते. त्या पठारावर उभे राहिल्यावर या माहितीचे मोल मला जितके जाणवले, तितके ते वाचून कधीच जाणवले नव्हते.

आपल्याला तेथे ताजा घोडा मिळणार नाही. म्हणून उंच आणि लो रेंज असलेली गाडी घ्यावी, भाडेकरारात कच्च्या रस्त्याला मनाई नाही ना ते वाचावे, माणशी रोज किमान चार लिटर पाणी, चांगली स्टेपनी आणि हवा भरण्याचा पंप बरोबर ठेवावा. मुक्कामासाठी परवाना लागतो, आणि हिवाळ्यात बर्फामुळे फ्लिंट ट्रेल बंद असू शकतो; म्हणून निघण्यापूर्वी रेंजर ठाण्याकडे चौकशी करावी.